फटीतलं तण आणि फरशीखालचं पाणी : वाईजवळच्या एका अंगणाचा अभ्यास

वाई तालुक्यातलं एक गाव. मंगलोरी कौलांचं जुनं घर आणि त्यापुढे वीस बाय तीस फुटांचं अंगण. अंगणात दोन बाय दोनच्या शहाबादी फरश्या. मधोमध तुळशीवृंदावन, पूर्वेच्या कोपऱ्यात आड म्हणजे छोटी विहीर, आडाला लागून धुण्याचा दगड आणि पश्चिमेच्या कुंपणभिंतीशी एक मोठा प्राजक्त. घरात काका आणि काकू दोघंच, दोघांचीही सत्तरी उलटलेली. फरशी तीसेक वर्षांपूर्वी घातली. खाली मुरूम, त्यावर मातीचा थर, आणि फरश्यांमधले सांधे सिमेंटने भरलेले. ते सिमेंट केव्हाच तडकून निघून गेलं होतं. आता अर्धा-पाऊण इंच रुंदीच्या फटी उघड्या होत्या आणि मृगाचा पाऊस पडला की आठवड्याभरात त्या हिरव्या व्हायच्या.

मला बोलावलं होतं ते तण काढण्यासाठी नव्हे. मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. एका ठेकेदाराने सगळी शहाबादी उखडून वर चार इंची कोबा, म्हणजे काँक्रीटचा सलग थर, ओतायचा सल्ला दिला होता आणि मुलांनी त्यासाठी पैसे पाठवायची तयारी दाखवली होती. तो कोबा कितपत टिकेल, एवढंच काकांना माझ्याकडून हवं होतं. काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "गवत काढायला माणूस मिळत नाही, मिळाला तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पण म्हणून अंगणच घालवायचं का?"

मला काकूंचं म्हणणं पटलं, आणि त्याला भावनेपलीकडची कारणं होती. फरश्या एकूण चांगल्या होत्या, दहा-बारा सोडल्या तर एकही फुटलेली नव्हती. सलग कोबा केला असता तर प्राजक्ताच्या मुळांना पाणी आणि हवा मिळणं बंद झालं असतं, अंगणात मुरणारं सगळं पाणी घराच्या जोत्याकडे किंवा रस्त्याकडे धावलं असतं, आणि उन्हाळ्यात ओटीवर बसणं नकोसं झालं असतं. शिवाय कोब्यालाही तडे जातात आणि तड्यांतही गवत येतंच. मग पैसे खर्चून मिळवलं काय?

म्हणून ठरलं असं, की कोब्याचा निर्णय एक पावसाळा पुढे ढकलायचा आणि आधी नीट बघायचं की कुठल्या फटीत काय उगवतं.

खडूने काढलेला नकाशा

या कामातला सगळ्यांत उपयोगी भाग हाच होता, म्हणून तो सविस्तर सांगतो. जुलैत पाऊस थांबलेला दिवस बघून आम्ही अंगणात खडू घेऊन उतरलो. काकूंकडे वर्षानुवर्षं कामाला येणाऱ्या एक मावशी सोबत होत्या. त्यांना प्रत्येक रोपाचं नाव माहीत होतं, बी केव्हा धरतं तेही माहीत होतं. मी नुसतं नाव विचारायचं आणि फरशीवर लिहायचं. तासाभरात सगळ्या अंगणावर नावं उमटली आणि एकच 'गवत' म्हणून जे बघितलं जात होतं त्याचे चार-पाच स्वतंत्र पट्टे दिसायला लागले.

आडाजवळ, धुण्याच्या दगडाभोवती, दाट लव्हाळा. इतर कुठेही तो एवढा नव्हता. लव्हाळ्याचा दांडा बोटांत फिरवला की तीन धारा लागतात, त्यावरून तो कोवळा असतानाही ओळखता येतो. वृंदावनाच्या दक्षिणेला, जिथे दिवसभर ऊन असतं, तिथे फरशीला चिकटून पसरलेली दुधी (भाजीचा दुधी नव्हे, तोडल्यावर पांढरा चीक येणारं तण) आणि घोळ. घराच्या बाजूने, भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर, एका सरळ रेषेत आंबुटी आणि केना. प्राजक्ताखाली सावलीत शेवाळ आणि मध्येच भुईआवळा. फाटकापाशी एकदांडी आणि गाजर गवताची चार-पाच रोपं. वृंदावनाच्या पायाशी हरळी. आणि जोत्याच्या घडीव दगडांच्या सांध्यात पिंपळाची दोन रोपं, एक बोटभर आणि एक हातभर.

या नावांत एक मोठा भेद आहे आणि पुढचं सगळं काम त्या भेदावर उभं राहिलं. दुधी, घोळ, आंबुटी, एकदांडी, भुईआवळा, गाजर गवत ही वरून आलेली तणं आहेत. वारा, मुंग्या, चपला, खराटा यांच्यासोबत बी येतं, फटीतल्या बोटभर मातीत रुजतं आणि मुळं तेवढ्यातच राहतात. पिंपळ पक्ष्यांच्या विष्ठेतून येतो. लव्हाळा आणि हरळी मात्र खालून येतात. त्यांचं खरं शरीर फरशीखाली असतं आणि फट हा त्यांचा नुसता बाहेर पडायचा रस्ता आहे. वरून आलेल्या तणासाठी फटीतली माती काढायची असते. खालून आलेल्यासाठी फरशी उचलावी लागते. हा फरक न बघता सगळीकडे एकच औषध मारणं हे त्या अंगणात इतकी वर्षं चाललं होतं.

घराच्या बाजूची ती सरळ रेषा मला विशेष वाटली. गवत कधी असं दोरी लावल्यासारखं उगवत नाही. वर बघितल्यावर उलगडा झाला, ती बरोबर वळचणीखाली होती. पन्हळ नसल्यामुळे पागोळ्यांचं पाणी सगळा पावसाळा त्याच सांध्यावर पडत होतं. सांध्यातलं सिमेंट तिथेच आधी गेलं, मग वाळू वाहून गेली, मग तिथे ओली माती साठली. आंबुटी आणि केना दोघींनाही ओल लागते.

आडाजवळच्या लव्हाळ्याचंही तसंच. धुण्याच्या दगडाचं पाणी एका उघड्या चरातून भिंतीबाहेर जायचं. तो चर साबणाच्या मळाने आणि पानांनी तुंबलेला होता, त्यामुळे पाणी चरात न जाता फरशीखाली मुरत होतं. तिथल्या फरश्यांवर पाय दिला की त्या हलायच्या आणि फटीतून पाण्याचे बुडबुडे यायचे. त्या कोपऱ्यात मे महिन्यातही लव्हाळा हिरवा असतो, असं मावशींनी सांगितलं. बाकी अंगण कोरडं ठणठणीत असताना एकाच जागी बारमाही हिरवं असेल, तर तिथे पाणी कुठूनतरी येत आहे हे नक्की धरावं.

उरला प्रश्न फटीतल्या मातीचा. तीस वर्षांत एवढी सुपीक काळी माती तिथे आली कुठून? प्राजक्ताची पानं-फुलं कुजून काही आली, खराट्याने लोटलेली धूळ काही आली. पण वृंदावन आणि उंबरठ्याच्या मधल्या पट्ट्यात माती सगळ्यांत जास्त होती, आणि तिथे काकू रोज सकाळी शेणाचा सडा घालतात. सड्याचं पाणी उताराने फटीत जातं आणि शेण तिथेच राहतं. रोज थोडं थोडं, तीस वर्षं. हे सांगताना मी जपून बोललो, कारण सडा-रांगोळी हा काकूंच्या दिवसाचा आरंभ आहे आणि तणासाठी तो बंद करा असं सांगणं मला योग्य वाटत नव्हतं. त्यावरचा उपाय पुढे येईलच.

आधी केलेले उपाय आणि त्यांचे परिणाम

अंगणावर तीन गोष्टी करून झाल्या होत्या. त्या घरोघरी केल्या जातात, म्हणून त्यांचं काय झालं ते लिहायला हवं.

पहिलं, मीठ. कुणीतरी सांगितलं म्हणून काकांनी जोत्यालगतच्या फटींत जाडं मीठ भरलं होतं. गवत त्या वर्षी कमी आलं हे खरं. पण मीठ कुठे नाहीसं होत नाही, पाण्याबरोबर सरकतं. त्यातलं काही वृंदावनाकडे गेलं असणार, आणि जोत्याकडे गेलेलं तर डोळ्यांना दिसत होतं. भिंतीच्या खालच्या दोन फुटांत लोणा लागला होता, गिलावा भुसभुशीत होऊन सुटत होता. भिंतीत ओलीबरोबर चढलेलं मीठ वाळताना स्फटिक होऊन फुगतं आणि गिलावा आतून फोडतं. लोण्याला इतरही कारणं असतात, पण मीठ भरलेल्या बाजूलाच तो जास्त होता. ज्या घराखाली सळईचं काँक्रीट आहे, म्हणजे तळघरावरचं अंगण किंवा गच्ची, तिथे तर फटीत मीठ कधीच घालू नये. मिठातलं क्लोराइड आतल्या सळ्या गंजवतं.

दुसरं, आम्ल. आधी व्हिनेगर, त्याने भागेना म्हणून संडास साफ करायचं आम्ल. इथे फरशीचा स्वभाव माहीत असणं गरजेचं आहे. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या नावाने ओळखला जाणारा. चुनखडीवर कुठलंही आम्ल पडलं की दगड विरघळतो, बुडबुडे येतात ते त्याचेच. काकूंना वाटत होतं की फेस येतो म्हणजे घाण निघते. प्रत्यक्षात फरशीची कड झिजत होती आणि फट रुंद होत होती. फटीलगत पांढरट, खरबरीत पट्टे उमटले होते आणि त्या खरबरीत भागावर शेवाळ अधिक घट्ट धरतं. तण मात्र फक्त वरून जळलं. घरगुती व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्केच आम्ल असतं, त्याने कोवळी पानं करपतात, लव्हाळ्याच्या गाठीला काही होत नाही. कडाप्पा, तंदूर, शहाबादी, संगमरवर या सगळ्या दगडांना हे लागू आहे. व्हिनेगरचा सल्ला इतक्या सर्रास दिला जातो की तो वाचताना 'माझी फरशी कुठली' हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

तिसरं, तणनाशक. परिसरात ऊस मोठा, त्यामुळे कृषी सेवा केंद्रात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल सहज मिळतं आणि ग्लायफोसेटही माहितीचं आहे. काकांनी एकदा ग्लायफोसेट मारून घेतलं होतं, पुन्हा मारायचा विचार होता. मी ठाम विरोध केला. पहिलं कारण आड, फवारणीच्या जागेपासून पंधरा फुटांवर. दुसरं कारण फरशी स्वतः. शेतात ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, म्हणून ते फारसं हलत नाही. फरशीवर चिकटायला माती नसते. पुढच्या सरीबरोबर ते वाहतं आणि चरातून बाहेर किंवा फटीतून खाली जातं. नेदरलँड्सने २०१६ मध्ये फरसबंद जागांवर व्यावसायिक तणनाशक फवारणीला बंदी घातली, त्यामागे पाण्यात उतरणाऱ्या औषधांची हीच काळजी होती. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं, आणि आपल्याकडे केंद्र सरकारने २१ ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेत त्याची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांकडूनच व्हावी असं म्हटलं. पाठीवर पंप अडकवून कुणीही अंगणात मारावं असं हे औषध नाही. हॅलोसल्फ्युरॉन उसासाठी नोंदवलेलं आहे, तुळशीच्या आणि प्राजक्ताच्या पायाशी मारायला नव्हे.

पाणी आधी

कामाला मे महिना निवडला. त्याचं कारण लव्हाळ्यात आहे, ते पुढे येतं. पण मेमध्येही पहिले दिवस तणाला हात लावला नाही, पाण्याचे रस्ते नीट केले.

धुण्याच्या दगडाचा चर उपसून त्याला सिमेंटचा गुळगुळीत तळ दिला, वर काढता येणारी जाळी बसवली आणि तो भिंतीबाहेरच्या केळींच्या आळ्यात सोडला. पागोळ्यांसाठी पन्हळ बसवणं हा सरळ उपाय होता, पण गावात वानरांचा त्रास आहे, पत्र्याची पन्हळ वर्षभर टिकत नाही. म्हणून वळचणीखालची फरश्यांची कड कापून नऊ इंच रुंदीचा पट्टा मोकळा केला आणि त्यात नदीचे गोटे भरले, खाली हलका उतार देऊन. पागोळी आता गोट्यांवर पडते. गोट्यांत बी रुजायला माती साठू नये म्हणून वर्षातून एकदा ते काढून धुवावे लागतात, तेवढं काम राहतं.

मग लेव्हलची नळी लावून अंगणाचा उतार तपासला. घराकडून फाटकाकडे शंभरास एक एवढा उतार हवा, म्हणजे वीस फुटांत साधारण अडीच इंच. मधल्या भागात तो बरोबर होता. आडाकडे मात्र फरश्या खचून उलटा उतार झाला होता, पाणी आडाकडे येऊन थांबत होतं. तिथल्या फरश्या उचलायच्याच होत्या.

लव्हाळ्याचा कोपरा

जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांत लव्हाळ्याला पहिला क्रमांक दिला जातो, आणि ज्याने तो शेतात बघितला आहे त्याला कारण सांगावं लागत नाही. जमिनीखाली गाठींची माळ असते. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात. वरचं पान उपटलं की दांडा तुटतो, गाठ जागेवर राहते आणि तिच्यावरचा दुसरा डोळा फुटतो. माळेतल्या एका गाठीचा कोंब बाकीच्या गाठींना दाबून ठेवत असतो, म्हणून माळ तुटली की झोपलेल्या गाठीही उठतात. अर्धवट खुरपणी केल्यावर लव्हाळा दुप्पट येतो अशी तक्रार ऐकू येते, ती खरी आहे.

फरशीखाली प्लास्टिकचा कागद घाला, असाही सल्ला गवंड्याने दिला. लव्हाळ्याच्या कोंबाचं टोक सुईसारखं असतं, ते प्लास्टिक भेदून वर येतं. शिवाय कागदावर पाणी साचून फरशी आणखी हलते. तो विचार सोडला.

पहारीने एकेक फरशी उचलली. वीस-बावीस फरश्या, प्रत्येकीवर खडूने क्रमांक. खालचा मातीचा थर नऊ इंचांपर्यंत खणला आणि ती सगळी माती वाळूच्या चाळणीतून चाळली. चाळणीवर गाठी राहिल्या, काळ्या, केसाळ, काही जोडीने, काही तुटलेल्या माळेत. मावशींचा हात इथे फार महत्त्वाचा ठरला. ढेकळात अडकलेली गाठ त्यांना बोटांनी कळायची. निघालेल्या गाठी पत्र्यावर पसरून मेच्या कडक उन्हात पूर्ण सुकेपर्यंत ठेवल्या. गाठ ओल्या मातीत कितीही दिवस जगते, पण उघड्यावर उन्हात सुकली की मरते. मे निवडण्याचं कारण हेच. सुकलेल्या गाठीही खतात न टाकता चुलीत घातल्या, कारण शंका ठेवायची नव्हती.

खड्ड्यात माती परत भरली नाही. मुरूम थरांनी टाकून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकला. त्यावर दीड इंच बारीक कच, म्हणजे खडीचे बारीक तुकडे. कचेवर फरशी रबरी हातोडीने बसवली. कच निवडली कारण ती पाणी धरत नाही आणि दाबली की एकमेकींत अडकते. दगडाच्या पुडीने म्हणजे क्रशरच्या डस्टने स्वस्तात काम झालं असतं, पण तिच्यात पीठ फार असतं, ते ओल धरून ठेवतं आणि दोन वर्षांत पुन्हा फटीत चिखल होतो.

एक जागा अशी होती की जिथे नऊ इंच खणता आलं नाही. आडाच्या कठड्याचा पाया उथळ निघाला आणि त्याला धक्का लागू द्यायचा नव्हता. तिथल्या दोन फरश्यांखालच्या गाठी मिळाल्या तेवढ्या वेचल्या आणि बाकीचं पुढच्या पावसाळ्यातल्या खुरपणीवर सोडलं.

फटी : सगळीकडे एकच मसाला नाही

फटी साफ करायला खुरपं चालत नाही, त्याचं पातं रुंद. गावातल्या लोहाराकडून आठ मिलिमीटरच्या सळईचं टोक चपटं करून, काटकोनात वाकवून आकडा करून घेतला. अशा दोन आकड्यांनी सगळ्या फटी इंच-सव्वा इंच खोल खरवडल्या. निघालेली काळी माती घमेल्याने केळीच्या आळ्यात गेली, मीठ भरलेल्या जोत्यालगतची मात्र वेगळी काढून दूर टाकली. ते करताना हातमोजे घातले, कारण गाजर गवताने अंगाला खाज सुटते आणि दुधीचा चीक डोळ्यात गेला तर फार जळजळतो. गाजर गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५५ च्या सुमाराला. आज ते नसलेलं फाटक शोधून सापडणार नाही. फुलावर यायच्या आत उपटणं एवढंच त्यावर घरच्या घरी करण्यासारखं आहे.

मग फटी भरल्या, भागानुसार वेगवेगळ्या. उंबरठ्यापासून वृंदावनापर्यंतचा पट्टा सिमेंट-वाळू एकास तीनने दाबून भरला आणि सात दिवस ओला ठेवला. तिथल्या फरश्या घट्ट होत्या, म्हणून ते टिकण्याची आशा होती. हलत्या फरशीच्या सांध्यात सिमेंट भरणं म्हणजे पैसे वाया, पहिल्याच पावसाळ्यात ते काडीसारखं सुटतं. हाच काकूंच्या सड्याचा पट्टा. आता शेण फटीत उतरत नाही, आणि सडा-रांगोळी तिथेच होते. काकूंनी हे आनंदाने मान्य केलं, फक्त वृंदावनाची मागची बाजू सड्यातून सुटली याची थोडी रुखरुख त्यांना राहिली.

उन्हातला दक्षिणेचा भाग आणि आडाकडचा नवा भाग इथे फटींत कोरडी कच झाडूने लोटून, पाणी मारून, पुन्हा लोटून, काठोकाठ भरली. भरलेल्या फटीत बी पडलं तरी त्याला माती मिळत नाही आणि दुपारी कच तापते. अर्धी भरलेली फट मात्र रिकामीपेक्षा वाईट, तिच्यात धूळ साठायला जागा राहते.

प्राजक्ताभोवतीच्या फटी मोकळ्याच ठेवल्या, फक्त वरची माती काढून कच टाकली. झाडाला पाणी तिथूनच मिळतं. तिथलं शेवाळ हा सावलीचा प्रश्न आहे. फुलांचा हंगाम संपल्यावर खालच्या फांद्या विरळ करायचं ठरलं, आणि पावसाळ्यात जाड वाळू टाकून खराट्याने घासायचं. चराच्या ओल्या कडेला ब्राह्मी लावली. ओली जागा आपण भरली नाही तर लव्हाळा भरतो, म्हणून तिथे आपल्याला हवं ते आधीच असलेलं बरं.

हरळीबद्दल काकूंचा आग्रह होता की ती पूर्ण जाऊ नये, गणपतीला दूर्वा घरच्याच हव्यात. ते अगदी रास्त आहे. पण हरळी जमिनीवरून आणि जमिनीखालून दोन्हीकडून पळते. म्हणून तिला भिंतीशी विटांचा बंदिस्त वाफा करून दिला आणि वृंदावनाच्या पायातली धावती मुळं फरशी उचलून काढली.

जोत्यातला बोटभर पिंपळ हाताने निघाला. हातभर वाढलेल्याचं मूळ दगडांमागे शिरलं होतं. तो नुसता छाटला तर दर वर्षी जाड होत जातो आणि जोतं फोडतो. त्याच्यासाठी एक घडीव दगड सैल करून मूळ पूर्ण काढावं लागलं, मग तो सांधा चुन्याने भरला. या एका रोपाला अख्ख्या दक्षिण बाजूपेक्षा जास्त वेळ लागला.

पावसाळ्यातली शिस्त

मृगानंतर पहिला फुटवा आला, तो अपेक्षितच होता. इथून पुढचं काम मावशींचं आणि काकूंचं. नियम साधा ठेवला. दर पंधरवड्याला, पाऊस पडून गेल्यावर, फरशी ओली असताना फेरी मारायची. ओल्यात दुधीचं सोटमूळ अख्खं येतं, कोरड्यात ते तुटतं. रोप दोन-चार पानांचं असतानाच काढायचं. आंबुटीच्या शेंगा पिकल्या की हात लागताच फुटतात आणि बी लांबवर उडतं, त्यामुळे तिला उशीर चालत नाही. घोळ उपटून फरशीवर टाकून द्यायची नाही. तिच्या जाड पानांत एवढं पाणी असतं की ती पडल्यापडल्या पुन्हा मूळ धरते किंवा बी पिकवते. केना मातीखालीही फुलतो आणि तिथेच बी धरतो, म्हणून नुसता वरून कापून उपयोग नाही. एरवी घोळ आणि केना दोन्ही भाजीला चांगले. पण या फटींत आम्ल आणि तणनाशक गेलेलं असल्यामुळे इथली भाजी पहिली दोन वर्षं खायची नाही, असं मी स्पष्ट सांगितलं.

आडाजवळच्या त्या दोन फरश्यांत लव्हाळा येणार होताच. तिथे पंधरवड्याची फेरी सगळ्यांत महत्त्वाची, कारण कोंब वर आल्यापासून तीन-चार आठवड्यांत तो नव्या गाठी करायला लागतो. त्याआधी प्रत्येक वेळी तोडला की जुन्या गाठीतला साठा खर्च होतो आणि नवा भरत नाही. एका पावसाळ्यात ती मरत नाही. दर वर्षी बारीक होत जाते.

उकळतं पाणी हाही उपाय वापरला, मर्यादित. चहाच्या किटलीच्या चोचीतून फटीत धार धरली की शेवाळ आणि कोवळी रोपं लगेच मऊ पडतात. मुळांपर्यंत उष्णता जात नाही, त्यामुळे मोठ्या तणावर चालत नाही. आणि ओल्या फरशीवरून उकळती किटली घेऊन सत्तरीच्या माणसाने चालू नये. हे काम मावशींनी, पायात बूट घालून, फक्त फाटकाच्या बाजूला केलं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर

दोन पावसाळे उलटल्यावर अंगण पुन्हा खडूने तपासलं. सिमेंटचा पट्टा दोन ठिकाणी केसाएवढा तडकला आहे, गवत नाही. दक्षिणेला दुधी अजून येते, पण ती कचेत वरच्या वर उगवते आणि दोन बोटांनी निघते. वळचणीखालची रेषा पूर्ण गेली. पश्चिमेला कच जास्त वाहून गेली, कारण तिथे प्राजक्ताची मुळं फरश्या हळूहळू उचलत आहेत आणि फटी तिरप्या झाल्या आहेत. तिथे सिमेंट कधीच चालणार नाही, दर वर्षी कच भरणं हाच मार्ग. आडाकडचा नवा भाग स्वच्छ आहे. कठड्याजवळच्या दोन फरश्यांतला लव्हाळा बारीक, फिकट पानांचा झाला आहे, संपलेला नाही.

फेरी आता मावशी एकट्याच एका सकाळीत पुरी करतात, आणि गणपतीनंतर महिन्यातून एकदा पुरते. दिवाळीनंतर काहीच लागत नाही. कोब्याचे पैसे मुलांनी जोत्यावरचा लोणा लागलेला गिलावा काढून चुन्यात नवा करायला वापरले. पश्चिमेच्या फटींसाठी चार घमेली कच आणून ठेवली आहे, ती रोहिणीत, पावसाआधी लोटायची आहे.